नाताळ चार दिवसांवर आला आणि घरात अजून काहीच नाही: काय आणावे, काय करावे, काय सोडावे?

निर्मळची लेक | २१ डिसेंबर, सकाळी ११:२०

आज आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांतला, चौथा रविवार. सकाळी चर्चमध्ये चौथी मेणबत्ती पेटली, तेव्हा आमच्या घरी यंदा पहिलीसुद्धा पेटलेली नाही हे एकदम जाणवले आणि डोळे भरून आले.

माझे माहेर वसईतले, सासर मूळचे नगरचे आणि आम्ही राहतो पुण्यात, वडगाव शेरीला. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सासूबाई पडल्या आणि त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया करावी लागली. आता त्या घरी आल्या आहेत आणि वॉकर धरून चार पावले चालतात, पण हे तीन आठवडे रुग्णालय, कार्यालय आणि मुलाची शाळा यांतच संपले. खिडकीत तारा नाही, गोठा नाही, कुलकुल नाहीत, फराळ नाही आणि केकसाठी सुकामेवाही भिजवलेला नाही. मुलगा सात वर्षांचा आहे. काल त्याने विचारले, "आई, या वर्षी नाताळ आपल्याकडे येणार नाही का?" त्याने हट्ट केला असता तर मी समजूत काढली असती, पण तो अगदी शांतपणे विचारत होता आणि म्हणूनच मला उत्तर सुचेना.

त्यात माळ्यावरून गोठ्याची पेटी काढली तर बाळ येशूची मूर्तीच सापडत नाही. मारिया, योसेफ, तीन राजे, एक मेंढी एवढेच उरले आहे.

मला मंगळवारची अर्धी रजा आणि बुधवारची पूर्ण रजा मिळाली आहे. एवढ्या वेळात काय विकत आणावे, काय घरी करावे आणि काय सरळ सोडून द्यावे? बाजारातून सगळे तयार आणून घर सजवता येईल, पण तेवढ्याने घरात सण उतरेल का, याची मला शंका आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

मडगावची सून | २१ डिसेंबर, सकाळी ११:४५

ताई, सर्वांत आधी केकची चिंता सोडा. सुकामेवा महिनाभर भिजला नाही म्हणून केक होत नाही असे नाही. काळ्या आणि पिवळ्या मनुका, खजूर, टुटीफ्रुटी आणि संत्र्याची साल बारीक चिरून संत्र्याच्या रसात लोणी व साखरेसह मंद आचेवर दहा मिनिटे उकळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. फळे टम्म फुगतात. गडद रंगासाठी थोडी साखर कोरडीच जाळून तिच्यात बेताने गरम पाणी घाला. पाणी घालताना ती उसळते, म्हणून मुलाला लांब ठेवा. मग अंडी, मैदा, बेकिंग पावडर, दालचिनी, जायफळ आणि ही फळे एकत्र करून १६० अंश सेल्सिअसवर तासभर भाजा. मंगळवारी रात्री केलात तर गुरुवारपर्यंत तो चांगला मुरतो.

बेबिंका मात्र घरी करण्याच्या फंदात या वर्षी पडू नका. तिचा एकेक थर वरच्या आचेवर भाजून झाल्याशिवाय पुढचा ओतता येत नाही, त्यामुळे सात थरांना अख्खी दुपार जाते. ती विकतच आणावी.

अंधेरीहून | २१ डिसेंबर, दुपारी १२:३०

मी मुंबईचे सांगतो, पण पुण्यालाही ते लागू पडावे. हिल रोड असो की फुले मंडई, चोवीस तारखेच्या संध्याकाळी सजावट घ्यायला जाऊ नये. वस्तू उरलेल्या असतात, पण निवड उरलेली नसते आणि गर्दीत मुलाचा हात धरून चालणेही कठीण होते. मंगळवारी दुकाने उघडताना पोहोचा आणि यादी कागदावर लिहून न्या. किराणा हल्ली दहा-पंधरा मिनिटांत घरी येतो, तेव्हा मैदा, रवा, तूप, साखर फोनवरून मागवा. पायपीट फक्त त्या वस्तूंसाठी ठेवा ज्या हातात घेऊन, पाहून निवडाव्या लागतात.

भिंगारकर | २१ डिसेंबर, दुपारी १:१५

मी नगरचा, म्हणजे तुमच्या सासरच्या बाजूचा. आमच्या प्रॉटेस्टंट घरांत लहानपणी गोठा नसेच. झाडही नसे. तरीही नाताळ आला हे गल्लीच्या तोंडाशीच कळत असे, कारण घराघरांतून तळणाचा वास येत असे. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू असा सगळा फराळ दिवाळीसारखाच होई, आणि ज्या शेजाऱ्यांनी दिवाळीत आमच्याकडे ताट पाठवले त्यांच्याकडे नाताळात आमचे ताट जाई. पंचवीस तारखेला सकाळी नवे कपडे घालून उपासनेला जायचे आणि रात्री पेटी, तबला, टाळ घेऊन भजने म्हणायची. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) आमच्याच नगरमध्ये राहिले आणि त्यांची पदे आमच्या आजीला तोंडपाठ होती.

हे सांगण्याचे कारण असे की तुमच्या यादीत जे जे 'नाही' आहे, ते बरेचसे तुमच्या माहेरचे आहे. सासूबाईंना एकदा विचारून पाहा की त्यांच्या लहानपणी नाताळ कशाने सुरू होत असे. आजारी माणसाची काळजी घेताना त्याला विचारायचे आपण विसरतो. कदाचित त्यांना गोठ्यापेक्षा एक भजन आणि वाटीभर चिवडा हवा असेल.

कॅम्पातली | २१ डिसेंबर, दुपारी २:०५

भिंगारकर, तुमचे पटले, पण थोडी भर घालते. मूल सात वर्षांचे आहे आणि त्याला डोळ्यांना दिसणारे काहीतरी हवेच. ताई, तारा आजच लावा, बाकी सगळे नंतर. घरात दिवाळीचा आकाशकंदील असेल तर त्याच्या काड्या आणि दिव्याची वायर कामी येते. बांबूच्या काड्यांचे दोन त्रिकोण एकमेकांवर उलटे बांधले की षट्कोनी तारा तयार होतो. पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ एवढेच वर लागते. अर्ध्या तासाचे काम आहे. संध्याकाळी तो तारा खिडकीत पेटला की मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

खरेदीसाठी महात्मा गांधी रस्ता आणि सेंटर स्ट्रीट पुरेसे आहेत. कयानी बेकरीतून काही आणायचे असेल तर सकाळी जा, कारण ती दुपारी बंद असते.

तीन मुलींचा बाबा | २१ डिसेंबर, दुपारी ३:४०

मला एक गोष्ट स्पष्टपणे विचारायची आहे. केक, कुलकुल, फराळ, तारा, गोठा, बाजार आणि त्यावर आजारी सासूबाईंची शुश्रूषा, हे सगळे या ताईंनीच करायचे असे आपण गृहीत का धरले आहे? वर चार प्रतिसाद आले, पण एकानेही घरातल्या पुरुषाला काम नेमून दिलेले नाही. आमच्या घरी गेली नऊ वर्षे तळण माझ्याकडे आहे. सुरुवातीला करंज्या तेलात उघडत, आता उघडत नाहीत. ताई, यादी लिहिताना प्रत्येक कामासमोर एक नाव लिहा आणि तुमचे नाव तीनपेक्षा जास्त वेळा येऊ देऊ नका.

आगाशीकर | २१ डिसेंबर, दुपारी ४:१०

पूर्ण सहमत. आणखी एक सुचवतो. वसईकडून कोणी येणार असेल तर राजेळी केळ्यांची सुकेळी मागवा आणि बारीक चिरून केकमध्ये घाला. अंजिराची उणीव भासत नाही आणि माहेरचा वास येतो.

पेठेतला शेजारी | २१ डिसेंबर, सायंकाळी ५:३०

मी हिंदू आहे, नाताळ माझ्या घरचा सण नाही, पण या चर्चेत उपयोगी पडेल असा माझा एक अनुभव आहे म्हणून लिहितो. आमच्या खालच्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्या काकू गोठ्याभोवती हिरवळ हवी म्हणून दहा दिवस आधी गहू पेरत, अगदी आपल्या घटासारखे. एका वर्षी त्यांचेही पेरायचे राहून गेले, तेव्हा माझ्या आईने त्यांना दिवाळीतल्या किल्ल्याची युक्ती सांगितली. आम्ही मुले किल्ल्यावर हळीव पेरत असू. हळीव पाण्यात टाकले की बुळबुळीत होते, ते ओल्या मातीवर पातळ पसरायचे, वरून माती टाकायची नाही, फक्त ओल्या फडक्याने झाकायचे. दुसऱ्या दिवशी पांढरे कोंब दिसतात आणि कोंब फुटल्यावर फडके काढून उजेडात ठेवले की हिरवी मखमल तयार होते. सध्या पुण्यात थंडी आहे, म्हणून रात्री ते ताट स्वयंपाकघरातच ठेवा.

आज रात्री पेरलेत तर बुधवारपर्यंत वेळ पुरेसा आहे. हळीव किराणा दुकानात मिळते आणि बाळंतिणीच्या लाडवांसाठी कुणाच्या तरी डब्यात असतेच. पोळ्याचे मातीचे बैल जपून ठेवले असतील तर तेही गोठ्यात शोभतील. त्या काकू ते आमच्याकडून मागून नेत असत.

निर्मळची लेक | २१ डिसेंबर, रात्री ९:५०

सर्वांचे मनापासून आभार. हळिवाची कल्पना वाचून मुलगा लगेच शेजारी धावला आणि वाटीभर घेऊन आला. आत्ता ते ताटात पसरून झाले आहे आणि तो दर दहा मिनिटांनी फडके उचलून पाहतो आहे.

भिंगारकर दादा, तुमचे ऐकून मी सासूबाईंना विचारले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमची आई चोवीस तारखेला रात्री उंबरा सारवायची. बाकी मग." मी बारा वर्षे या घरात आहे आणि हे मला माहीत नव्हते.

यादी केली आहे. नावेही लिहिली आहेत. तळण नवऱ्याकडे गेले आहे. कुलकुल करावेत की विकत आणावेत, यावर मात्र अजून निर्णय होत नाही.

वसुधा कुलकर्णी नव्हे | २१ डिसेंबर, रात्री १०:३०

विकत आणा. हे मी जबाबदारीने सांगते. शस्त्रक्रिया झालेले माणूस घरात असताना रात्री बारापर्यंत ओट्याशी उभे राहणे योग्य नाही. माझ्या आईने आयुष्यभर प्रत्येक सणाला सगळे घरी केले आणि प्रत्येक सणाच्या दिवशी ती थकून झोपलेली असे. मला तिचे लाडू आठवत नाहीत, तिचे झोपलेले असणे आठवते.

आजी, वय ७२ | २२ डिसेंबर, सकाळी ७:१५

वरील बाईंचे दुःख मला समजते आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. तरीही कुलकुलांपुरते माझे मत वेगळे आहे. करंजी किंवा बेबिंका करणाऱ्याला एकटीला करता येते, पण कुलकुल एकटीने करण्याचा पदार्थच नाही. आमच्या वांद्र्याच्या जुन्या घरात मैदा, थोडा बारीक रवा, अंडे, साखर, नारळाचे दूध आणि तुपाचे मोहन असे पीठ आई सकाळी मळून ठेवी. रात्री जेवणे झाली की जमिनीवर चटई टाकून सगळे घर गोल बसे. बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची, म्हणजे शंखासारखी वळी सुटून हातात येते. ज्याचे हात कापतात त्याच्याही हातून ती होते, फक्त रेघा थोड्या तिरक्या येतात. वडिलांच्या वळ्या कोणत्या आणि धाकट्या भावाच्या कोणत्या, हे तळल्यावरसुद्धा ओळखता येत असे.

तुमच्या सासूबाई खुर्चीत बसू शकतात ना? मग त्यांच्या पुढ्यात ताट आणि फणी ठेवा. पाव किलो मैद्याचेच करा. दोन किलो करण्याचा आग्रह कुणी धरला आहे? बाकी पदार्थ खुशाल विकत आणा.

आणखी एक आठवण. आमच्याकडे भट्टी नव्हती, त्यामुळे केकचे मिश्रण डब्यात भरून बेकरीत नेत असू आणि पाव काढून झाल्यावर उरलेल्या आचेवर तो भाजून मिळे. डब्याला चुन्याने खूण करावी लागे. तुमच्याकडेही दिवाळीत नानकटाई अशीच भाजून आणत असतील.

वसुधा कुलकर्णी नव्हे | २२ डिसेंबर, सकाळी ८:००

आजी, पाव किलोचे मान्य आहे. मी दोन किलोच डोळ्यांपुढे धरून बोलत होते.

श्टुटगार्टचा मराठी | २२ डिसेंबर, दुपारी १२:४०

जर्मनीत चोवीस डिसेंबर कामाच्या दिवशी आला तर दुकाने दुपारी दोन वाजता कायद्यानेच बंद होतात आणि पंचवीस व सव्वीस या दोन्ही दिवशी सुट्टी असते. त्यामुळे येथे शेवटच्या क्षणाची खरेदी या शब्दाला नेमकी वेळ आहे. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हते आणि आम्ही तीन दिवस डाळ-तांदळावर काढले.

पण याच देशात मी दुसरी एक गोष्ट शिकलो. येथे अनेक जुन्या घरांत झाड चोवीस तारखेलाच सजवतात. आधीचे चार आठवडे वाट पाहण्याचे असतात, आणि मुलांना सजलेले झाड प्रथम दिसते ते त्या संध्याकाळी. तेव्हा २१ तारखेला तुमच्या घरात झाड नव्हते म्हणजे तुम्ही मागे पडलात असे नाही. आपल्या दुकानांत नोव्हेंबरपासूनच झाडे दिसू लागतात, म्हणून आपल्याला उशीर झाल्यासारखे वाटते.

निर्मळची लेक | २२ डिसेंबर, रात्री १०:१५

दादा, हे वाचून फार बरे वाटले. झाडाचा विषय मी भीतभीत टाळत होते. वसईला किनाऱ्यावरची सुरूची वाळकी फांदी वडील घरी आणत आणि रंगाच्या डब्यात वाळू भरून ती उभी करत. प्लॅस्टिकचे झाड घेण्याचे पैसे या वर्षी औषधांत गेले आहेत आणि जागाही वॉकरसाठी मोकळी ठेवावी लागते. झाड सोडून दिले आहे.

बाळ येशूची मूर्ती मात्र अजून मिळालेली नाही. फोनवर चार दुकानांत विचारले, सगळीकडे पूर्ण संचच घ्यावा लागतो.

अभ्यासू | २३ डिसेंबर, सकाळी ९:२५

गोठ्याच्या परंपरेचा उगम संत फ्रान्सिस यांच्याकडे जातो. इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली त्यांनी नाताळाच्या रात्री गवताने भरलेली गव्हाण आणि जिवंत बैल व गाढव उभे करून लोकांना तो प्रसंग दाखवला. संच, दिव्यांच्या माळा आणि स्पर्धा हे सगळे पुष्कळ नंतरचे आहे. शिवाय बाळाची मूर्ती चोवीसच्या मध्यरात्रीपर्यंत गोठ्यात ठेवायचीच नसते, गव्हाण रिकामीच असते. म्हणजे आजही तुमचा गोठा अपुरा नाही, तो जसा असायला हवा तसाच आहे.

मूर्तीबद्दल एक सुचवतो. गणपतीतली शाडू माती कुणाकडे उरली असेल तर मुलाला बाळ घडवू द्या. गुंडाळलेल्या दुपट्यातले बाळ म्हणजे एक लांबट गोळा आणि त्यावर एक छोटा गोळा.

कॅम्पातली | २३ डिसेंबर, सकाळी ९:४०

संचाशिवाय सुटी मूर्ती कधीकधी क्वार्टर गेटच्या सिटी चर्चबाहेरच्या विक्रेत्यांकडे मिळू शकते, आज जाणार असाल तर पाहा. पण अभ्यासूंची कल्पना मला अधिक आवडली.

मडगावची सून | २३ डिसेंबर, दुपारी १:००

आणि ताई, जे गुरुवारपर्यंत होणार नाही ते गुरुवारनंतर करा. नाताळ पंचवीसला संपत नाही, तो तेव्हा सुरू होतो आणि सहा जानेवारीला तीन राजांच्या सणापर्यंत चालतो. आमच्याकडे त्या दिवशी वेरेच्या रेइश मागुश चर्चमध्ये मोठा उत्सव असतो. माझ्या सासूबाई दोदोल तर नेहमीच सत्तावीस-अठ्ठावीसला करत, कारण माडाचा गूळ आणि नारळाचे दूध तासन् तास ढवळत बसायला आधी सवड नसे. पाहुणे तेव्हाही येतातच, आणि तोवर सगळ्यांचे केक संपलेले असतात.

तीन मुलींचा बाबा | २३ डिसेंबर, दुपारी १:३०

नवऱ्याला सांगा, कुलकुल तळताना आच मध्यम ठेवा आणि एका वेळी मूठभरच सोडा. रंग गडद होण्याची वाट पाहू नका, बाहेर काढल्यावरही तो चढतो.

निर्मळची लेक | २६ डिसेंबर, दुपारी ४:२०

उशिरा लिहिते आहे, पण आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने सांगितलेत की काय झाले ते कळवणे मला आवश्यक वाटते.

तारा रविवारी नाही, पण सोमवारी रात्री लागला. मंगळवारी सकाळी मी बाजारात दीड तासात काम उरकले. बेबिंका, चिवडा आणि करंज्या तयार आणल्या. केक त्याच रात्री केला. सुकेळी मिळाली नाहीत, तेव्हा खजूर वाढवला.

चोवीसला दुपारी सासूबाईंच्या खुर्चीसमोर पाट ठेवून त्यावर ताट ठेवले आणि त्यांच्या हातात नवी फणी दिली. त्यांनी आयुष्यात कुलकुल वळले नव्हते, कारण त्यांच्या घरची ती रीतच नव्हती. पहिल्या दहा-बारा वळ्या चिकटल्या. मग त्यांनी फणीला तुपाचे बोट लावले आणि त्यानंतर एकही चिकटली नाही. ही युक्ती मला माझ्या आईनेसुद्धा सांगितलेली नव्हती. आम्ही चौघे दीड तास बसलो होतो. मधेच त्यांनी त्यांच्या आईचे एक भजन म्हणायला सुरुवात केली, दोन कडव्यांनंतर शब्द आठवेनात, तेव्हा नुसती चाल गुणगुणत वळत राहिल्या.

फ्लॅटला मातीचा उंबरा नाही. मी ओल्या फडक्याने पुसून त्यावर रांगोळीची एक रेघ ओढली. त्यांनी वॉकर धरून दारापर्यंत येऊन ती पाहिली.

हळीव उगवले! खिडकीच्या दिशेने सगळे एका बाजूला झुकले होते, म्हणून मुलाने बुधवारी सकाळी ताट फिरवून ठेवले आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा दुसरीकडे झुकले. पोळ्याचा एक बैल शेजारच्या मजल्यावरून आला, त्याचे एक शिंग मोडलेले आहे. बाळ मुलाने शाडूचे घडवले. दुपट्याच्या घड्या त्याने कुलकुलाच्या फणीने उमटवल्या आहेत. मध्यरात्रीच्या मिस्साला मी आणि तो गेलो, नवरा आईजवळ थांबला, आणि परत आल्यावर चौघांनी मिळून ते बाळ गव्हाणीत ठेवले.

तीन राजे सध्या दूरदर्शन संचाच्या टेबलावर आहेत. रोज एक वीत पुढे सरकवायचे असे त्याने ठरवले आहे, पण त्याच्या हिशेबाने ते दोन तारखेलाच पोहोचतात. सहा जानेवारीपर्यंत त्यांना कुठून वळसा घालून न्यावे, हे कुणी सुचवू शकेल का?

पेठेतला शेजारी | २६ डिसेंबर, सायंकाळी ५:०५

स्वयंपाकघरातून न्या. तिथे कुलकुलांचा डबा आहे.